खळ्यातून जेटीपर्यंत: इंग्रजीतले छोटे शब्द शिकताना

‘प्लीज कम बॅक टिल फाइव्ह.’ तारकर्लीला आमच्याकडे उतरलेल्या एका जोडप्याला मी हे सांगितलं होतं. पाच वाजता होडी सुटणार, कर्ली नदीच्या मुखाशी जाऊन सूर्यास्त बघायचा, असा बेत होता. माझ्या मनात वाक्य होतं, ‘पाचपर्यंत या हं परत.’ ‘पर्यंत’ म्हणजे ‘टिल’, हे शाळेपासून पाठ. त्यांनी त्याचा अर्थ घेतला की पाचपर्यंत फिरायला हरकत नाही. ते पावणेसहाला परतले. होडीवाले दादा वाट बघून निघून गेले होते, आणि पाहुण्यांची इथली ती शेवटची संध्याकाळ होती. मला म्हणायचं होतं ‘बाय फाइव्ह’. एवढ्याशा शब्दाने सगळा बेत गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर मी हे छोटे शब्द एकेक करून नीट लावून घेतले. आता रविवारी संध्याकाळी आमच्या पडवीत सात-आठ जण जमतात. निवास-न्याहारी चालवणाऱ्या दोघी वहिनी, पाहुण्यांना किल्ल्यावर नेणारा एक मुलगा, अकरावीतल्या दोन मुली. सगळ्यांना इंग्रजी शब्द भरपूर येतात. ‘फिश’, ‘बोट’, ‘रूम’, ‘बिल’ यांत कुणी अडत नाही. अडतं ते या शब्दांच्या मधल्या जागेत. शाळेच्या व्याकरणात त्या जागेला तीन नावं आहेत: शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय आणि केवलप्रयोगी अव्यय. इंग्रजीत प्रेपोझिशन, कंजंक्शन आणि इंटरजेक्शन. नवशिक्याने ती कुठून धरावीत, हे आमच्या वर्गात जसं चालतं तसं लिहिते.

पहिली पायरी: शब्दाची जागा फिरवा

मराठीत आपण आधी वस्तू सांगतो, मग तिच्याशी असलेलं नातं. ‘पाटावर’, ‘विहिरीत’, ‘घराच्या मागे’. इंग्रजीत नातं आधी येतं, वस्तू नंतर. ‘ऑन’ आधी, पाट मागून. प्रेपोझिशन या नावातला ‘प्री’ म्हणजे ‘आधी’च. हे कळायला सोपं असलं तरी जिभेला वळण लागायला दिवस जातात. म्हणून पहिला आठवडा फक्त यालाच द्या.

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभे राहा आणि समोर दिसेल ते मोठ्याने बोला. तुळस घरासमोर आहे: ‘इन फ्रंट ऑफ द हाउस’. विहीर घरामागे: ‘बिहाइंड द हाउस’. सायकल भिंतीला टेकवलेली: ‘अगेन्स्ट द वॉल’. मांजर बाकाखाली: ‘अंडर द बेंच’. दोन माडांच्या मध्ये दोरी बांधलेली: ‘बिटवीन टू कोकोनट ट्रीज’. रोज दहा वाक्यं. वही नको, पुस्तक नको. डोळ्यांनी बघायचं आणि नातं आधी बोलायचं.

मराठीत ‘घोडा’चा ‘घोड्यावर’ होतो, ‘मी’चा ‘माझ्यावर’ होतो. त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. इंग्रजीत नामाला काही होत नाही, घोडा घोडाच राहतो. बदलतात ती सर्वनामं. ‘ही’चं ‘हिम’, ‘शी’चं ‘हर’, ‘दे’चं ‘देम’ आणि ‘आय’चं ‘मी’. म्हणून ‘विथ ही’ नाही, ‘विथ हिम’. ‘बिटवीन यू अँड आय’ नाही, ‘बिटवीन यू अँड मी’. आणि प्रेपोझिशननंतर क्रिया आली तर तिला ‘इंग’ लागतं: ‘विदाउट पेइंग’, ‘आफ्टर ईटिंग’. आपल्या ‘जेवल्यावर’मध्ये ‘जेवणे’चं रूप बदलतं, तसंच हे.

दुसरी पायरी: वहीच्या मधोमध रेघ

बाळशास्त्री जांभेकर आपल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ सुरू केलं, तेव्हा त्यात एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची ती मांडणी शिकणाऱ्यासाठी आजही फार उपयोगी आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे आपण बोलतो तसं मराठी, उजवीकडे इंग्रजी. मात्र उजवीकडे सुटा शब्द कधीच लिहू नका. ‘वर म्हणजे ऑन’ असं लिहिलंत की चूक पक्की झाली. लिहायचं ते आख्खा घास: डावीकडे ‘बेटावर’, उजवीकडे ‘ऑन अ‍ॅन आयलंड’.

याचं कारण असं की आपला एक प्रत्यय इंग्रजीत चार ठिकाणी फुटतो. आमच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ या फाट्यांवर जातो, आणि जावा असंच मला वाटतं.

तिसरी पायरी: एका मराठी शब्दाचे फाटे

‘झाडावर’ घ्या. आंबे झाडावर आहेत, वानरंही झाडावर आहेत. आपल्याला दोन्ही ‘वर’. इंग्रजीत आंबे ‘ऑन द ट्री’, कारण ते झाडाला लागलेले आहेत, झाडाचेच आहेत. वानरं ‘इन द ट्री’, कारण ती बाहेरून येऊन फांद्या-पानांच्या आत बसलेली आहेत. हापूसच्या बागेत राखण करणाऱ्या एका काकांना हा फरक सांगितला, तर ते म्हणाले, ‘म्हणजे माझा ता ऑन, आणि चोराचा ता इन.’ मी तो तस्साच फळ्यावर लिहिला. त्या दिवसापासून वर्गात कुणी चुकलेलं नाही.

आता जागेचे तीन मुख्य शब्द. ‘अ‍ॅट’ म्हणजे नकाशावरचा ठिपका. मी जेटीपाशी आहे, स्टॉपवर आहे: ‘अ‍ॅट द जेटी’, ‘अ‍ॅट द बस स्टॉप’. आत की वर याच्याशी देणंघेणं नाही, फक्त ठिकाण. ‘ऑन’ म्हणजे पृष्ठभागाला टेकलेलं. ‘इन’ म्हणजे चारी बाजूंनी वेढलेलं. सिंधुदुर्ग किल्ला एका वाक्यात हे सगळं दाखवतो: ‘द फोर्ट इज ऑन अ‍ॅन आयलंड, इन द सी, नियर मालवण.’ बेटाला टेकलेला, समुद्राने वेढलेला, मालवणच्या जवळ. याच किल्ल्यासाठी इंग्रजीत ‘ऑफ द कोस्ट’ असंही म्हणतात, म्हणजे किनाऱ्यापासून थोडा समुद्रात. आपल्याकडे त्याला एकच शब्द नाही, पण किनाऱ्यावर राहणाऱ्याला तो फार लागतो. शिकून ठेवा.

वाहनांचा नियम वेगळा वाटतो, पण लक्षात राहतो. ज्यात उभं राहून चालता येतं, तिथे ‘ऑन’. एसटीत ‘ऑन द बस’, रेल्वेत ‘ऑन द ट्रेन’, फेरीबोटीत ‘ऑन द फेरी’. जिथे वाकून शिरून बसावं लागतं, तिथे ‘इन’: ‘इन द कार’, ‘इन द रिक्षा’, आणि लहान होडीसाठीही ‘इन अ स्मॉल बोट’.

वेळेलाही हेच तिघे. घड्याळाच्या काट्याला ‘अ‍ॅट’, दिवसाला आणि तारखेला ‘ऑन’, महिना, वर्ष आणि ऋतूला ‘इन’. किल्ल्याचं बांधकाम ‘इन १६६४’ सुरू झालं. तारीख सांगितली की ‘ऑन २५ नोव्हेंबर १६६४’. पावसाळी मासेमारी बंदी ‘ऑन फर्स्ट जून’ लागते, तेव्हा होड्या ‘इन जून’ किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमा एक दिवस, म्हणून ‘ऑन’. गणपती अनेक दिवस, म्हणून ‘ड्युरिंग गणपती’. अपवाद एकच पाठ करा: सकाळी ‘इन द मॉर्निंग’, पण रात्री ‘अ‍ॅट नाइट’.

आता तो ‘पर्यंत’. ज्या क्षणापर्यंत एखादी गोष्ट चालूच राहते, तिथे ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. खानावळ दहापर्यंत उघडी आहे: ‘ओपन टिल टेन’. जे काम त्या वेळेच्या आधी कधीही एकदा उरकायचं आहे, तिथे ‘बाय’. शुक्रवारपर्यंत पैसे पाठवा: ‘सेंड द मनी बाय फ्रायडे’. ओळखायची खूण अशी: वाक्यात ‘तोवर चालू’ बसलं तर ‘टिल’, ‘त्याच्या आत’ बसलं तर ‘बाय’. ‘पाचच्या आत परत या.’ मी मनात हे मराठी वाक्य आणलं असतं तर चुकले नसते. आणि जागेचा ‘पर्यंत’ असला, म्हणजे ‘जेटीपर्यंत चाला’, तर ‘अ‍ॅज फार अ‍ॅज द जेटी’ किंवा नुसतं ‘टु द जेटी’.

‘पासून’ही असाच फसवतो. ‘दोन वर्षांपासून मी हे काम करतो’ याचं ‘सिन्स टू इयर्स’ करणारे फार आहेत, शिकलेलेसुद्धा. कालावधी मोजत असाल तर ‘फॉर टू इयर्स’. सुरुवातीचा क्षण सांगत असाल तरच ‘सिन्स २०२२’, ‘सिन्स मंडे’. आणि दोन टोकं असतील तर ‘फ्रॉम’ आणि ‘टु’: ‘फ्रॉम ऑक्टोबर टु मे’.

‘ने’चं थोडक्यात सांगते. एसटीने जाणं ‘बाय बस’, सुरीने कापणं ‘विथ अ नाइफ’, पायी जाणं ‘ऑन फूट’. वाहनाला ‘बाय’, हातातल्या हत्याराला ‘विथ’.

हालचालीचे शब्द शिकायला कोकण रेल्वेत बसावं. करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी जाते ते ‘थ्रू द टनेल’. पानवलच्या ६४ मीटर उंच पुलावरून जाते ते ‘ओव्हर द ब्रिज’. किनाऱ्याच्या कडेकडेने चालणं ‘अलाँग द बीच’. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट खाडी ओलांडते ते ‘अक्रॉस द क्रीक’. ‘थ्रू’मध्ये भोवती काहीतरी असतं, ‘अक्रॉस’मध्ये या काठावरून त्या काठाला जाणं असतं.

स्टेशनवर गाडी उशिरा असली तर तो वेळ फुकट घालवू नका. घोषणा मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत होते. मराठीत ‘मडगावहून मुंबईला जाणारी’, इंग्रजीत ‘फ्रॉम मडगाव टु मुंबई’, शेवटी ‘ऑन प्लॅटफॉर्म नंबर वन’. तीच गोष्ट पाठोपाठ ऐकताना शब्दांची जागा कशी फिरते ते कानाला स्पष्ट कळतं. आमच्या वर्गातली अकरावीतली मुलगी कुडाळ स्टेशनवर बसून हे करते. तिची वही सगळ्यांत पुढे आहे.

चौथी पायरी: क्रियापदाचा जोडीदार

काही क्रियापदांना ठरलेला जोडीदार असतो. तिथे तर्क चालत नाही, जोडी पाठच करावी लागते. वाट बघणं ‘वेट फॉर’, ऐकणं ‘लिसन टु’, बघणं ‘लुक अ‍ॅट’. कशात हुशार ते ‘गुड अ‍ॅट’, कशाची भीती ते ‘अफ्रेड ऑफ’, कुणाशी लग्न ते ‘मॅरीड टु’. तिथे ‘विथ’ लावू नका. ‘अवलंबून’ला मात्र मराठीतही ‘वर’ आणि इंग्रजीतही ‘डिपेंड ऑन’. असे जुळणारे आधी घ्या, धीर येतो.

आणि काही क्रियापदं एकटीच राहतात. तिथे आपण सवयीने जोडीदार चिकटवतो. ‘वुई रीच्ड टु मालवण’ चूक, ‘वुई रीच्ड मालवण’ बरोबर. ‘डिस्कस अबाउट’ चूक, नुसतं ‘डिस्कस’. ‘एंटर’नंतर खोली थेट येते. घरी जाणं ‘गो होम’, मध्ये ‘टु’ नाही. या चार चुका सुधारल्या तरी बोलणं लगेच स्वच्छ वाटू लागतं.

पाचवी पायरी: वाक्याला वाक्य जोडणं

इथे एकच गोष्ट मनात धरा. मराठी वाक्यं दोन्ही टोकांना गाठ मारतात, इंग्रजी एकाच टोकाला. ‘जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो.’ आपल्याला ‘जरी’ही लागतो, ‘तरी’ही लागतो. म्हणून तोंडातून येतं, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट.’ एक गाठ सोडा. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वुई वेंट’, किंवा ‘इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट.’ दोन्ही बरोबर. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ यांचंही तसंच, एकाच वाक्यात दोघांना बसवू नका. ‘जेव्हा-तेव्हा’साठी फक्त ‘व्हेन’ पुरतो. ‘जर-तर’मध्ये ‘इफ’ पुरतो, ‘देन’ बहुधा लागत नाही. जोडीने येणारे इंग्रजीत थोडे आहेत, त्यांत ‘आयदर-ऑर’ आणि ‘नायदर-नॉर’ शिकून घ्या. ‘यू कॅन हॅव आयदर सुरमई ऑर पापलेट’, हे वाक्य आमच्या वहिनींना रोज लागतं.

‘अनलेस’वर मी मुद्दाम थांबते, कारण पाण्यावर काम करणाऱ्याच्या तोंडी हा शब्द चुकला तर अर्थ उलटा होतो. ‘अनलेस’च्या पोटातच ‘नाही’ आहे. ‘लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसता येणार नाही’: ‘यू कॅनॉट बोर्ड अनलेस यू वेअर अ लाइफ जॅकेट.’ त्यात आणखी ‘डोन्ट’ घातलात तर ‘जॅकेट घातलं तर बसता येणार नाही’ असं होऊन बसतं. शंका असेल तर ‘अनलेस’ सोडा आणि ‘इफ यू डोन्ट वेअर’ म्हणा.

दुसरा फरक लिखाणात दिसतो. ‘बिकॉज’नंतर पूर्ण वाक्य लागतं, ‘बिकॉज ऑफ’नंतर नुसतं नाम. ‘बिकॉज द सी इज रफ’, पण ‘बिकॉज ऑफ द रेन’. ‘व्हाइल’ आणि ‘ड्युरिंग’, ‘ऑल्दो’ आणि ‘डिस्पाइट’, या जोड्याही अशाच: पहिला कंजंक्शन, त्याला वाक्य, दुसरा प्रेपोझिशन, त्याला नाम. ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘सिन्स’, ‘टिल’ मात्र दोन्ही कामं करतात. परीक्षेत ‘हे कुठलं अव्यय’ असं विचारलं, तर शब्दाकडे बघू नका, त्याच्या पुढे काय आलंय ते बघा.

आणि एक मराठीची खोड. आपण ‘आणि’ फार वापरत नाही. ‘आंघोळ करून, जेवून, बाजारात जाऊन आलो.’ सगळं ‘ऊन’वर चालतं. इंग्रजीत प्रत्येक क्रिया उघडी सांगायची आणि शेवटच्या आधी एकच ‘अँड’: ‘आय हॅड अ बाथ, एट लंच अँड वेंट टु द मार्केट.’ ‘मीठ-मिरची’सुद्धा ‘सॉल्ट अँड चिली’ होते.

‘की’ म्हणजे ‘दॅट’, हे बरोबर. पण प्रश्न सांगताना नाही. ‘त्याने विचारलं की होडी आहे का’ याचं ‘ही आस्क्ड दॅट’ होत नाही. ‘ही आस्क्ड इफ देअर वॉज अ बोट.’

सहावी पायरी: उद्गार

केवलप्रयोगी अव्ययांना व्याकरण फारसं नाही. वाक्याशी त्यांचं नातं नसतं, फक्त पुढे स्वल्पविराम किंवा उद्गारचिन्ह येतं. ठेच लागली की ‘आउच’, हातून काही सांडलं की ‘ऊप्स’, सुटलो एकदाचे म्हणून ‘फ्यू’, समोर समुद्र दिसला की ‘वॉव’. शाळेच्या पुस्तकातला ‘अलास’ बोलण्यात आणू नका. कुणाच्या घरी दुःख झालं असेल तर ‘आय अ‍ॅम सो सॉरी’ म्हणायचं, हळू आवाजात.

हाक मारताना सांभाळा. आपण ‘अहो, ऐका’ म्हणतो त्यात आदर आहे. ‘हे’ असं म्हणून अनोळखी मोठ्या माणसाला हाक मारली तर ते ‘ए’सारखं लागतं. तिथे ‘एक्सक्यूज मी’. आणि आपल्या ‘अगो बाई’ला, ‘अय्या’ला तंतोतंत जोडी शोधत बसू नका. पाहुण्यांसमोर ते आपोआप तोंडून गेलं तर जाऊ द्या. चेहऱ्यावरून त्यांना कळतं.

शेवटचं काम

सगळं झालं की एक कागद घ्या आणि स्टेशनपासून तुमच्या घरापर्यंतचा रस्ता इंग्रजीत लिहा. आमच्या एका वहिनींनी लिहिलेला असा आहे:

‘गेट ऑफ अ‍ॅट कुडाळ. टेक द बस टु मालवण, ऑर कम बाय रिक्षा इफ यू हॅव लगेज. गेट डाउन अ‍ॅट द टेंपल. वॉक अलाँग द रोड अनटिल यू सी अ वेल. अवर हाउस इज बिहाइंड द वेल, बिटवीन द स्कूल अँड द शॉप. प्लीज रीच बाय सेव्हन, बिकॉज इट गेट्स डार्क अँड देअर आर नो लाइट्स ऑन द रोड.’

पहिल्या मसुद्यात त्यांनी ‘रीच टिल सेव्हन’ लिहिलं होतं. त्यांनीच ते खोडलं आणि वर ‘बाय’ लिहिलं. आता तो कागद त्या प्रत्येक पाहुण्याला फोनवर पाठवतात.